रित्या ताटाची आळी

बांधावर क्रूस आहे आणि क्रुसाच्या पायाशी दगडाचं ताट आहे. तुम्ही तेच बघायला आलात. बघून झालं, फोटोही काढून झाले. आता जरा बसा आणि त्या ताटात काही का नाही, तेही ऐकून जा. कुणी काही चोरून नेलेलं नाही. वाहायचं राहून गेलं असंही नाही. ते रितंच ठेवायचं असतं.

आसपासचे लोक आम्हाला रित्या ताटाचे म्हणतात. सोयरीक जुळवायला गेलं की पहिल्यांदा हेच निघतं. साऱ्या मुलखाची रीत अशी, की शेजारणीचं भांडं रिकामं परत करू नये. चिमूटभर साखर घालावी, चार फुलं घालावीत, पण रितं देऊ नये. आमच्या आळीत नाताळच्या आदल्या दिवशी घरोघर ताटं जातात आणि संध्याकाळच्या घंटेआधी ती परत येतात. धुतलेली, पुसलेली आणि रिकामी. पाहुणे बघतात आणि मनात म्हणतात, काय माणसं आहेत. म्हणू द्या.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी आमची आळी ताटासाठी नावाजलेली होती, असे सांगतात.

तेव्हा हा डांबरी रस्ता नव्हता. तुम्ही जिथे गाडी लावलीत तिथे भाताची शेतं होती. बांधाच्या पलीकडे खारी खाडी, अलीकडे शेतं, आणि वर उंचवट्यावर घरं, वाडी, केळी. नाताळला एका घरातून दुसऱ्या घरी ताट जायचं. ताटात भाताचंच काहीतरी शिजवलेलं असायचं. सांदणं, पानग्या, गोड पोळे. घेणाऱ्या घरानं त्याच दिवशी, देवळाची संध्याकाळची घंटा व्हायच्या आत, ते ताट भरून परत करायचं. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. आणि भाताला भातच जायचा. केळी-नारळ घालून भागवलेलं चालत नसे. आलं त्यापेक्षा थोडं जास्त जायला हवं, असंही होत होत ठरून गेलं. सहा सांदणं आली तर आठ गेली पाहिजेत. आठ आली की पुढच्या वर्षी दहा.

लोक याला प्रेम म्हणायचे. मला विचाराल तर ती कोंबड्यांची झुंज होती. एका घरानं एके वर्षी कमी भरून दिलं, तर त्या घरच्या सुनेला मरेपर्यंत 'अर्ध्या ताटाची' म्हणत राहिले. नाव पडायला एक दुपार लागते. पुसायला तीन पिढ्या लागतात.

अशा आळीत इजाबेल सून म्हणून आली. नवऱ्याचं नाव कायतान. आळीत सगळ्यांची थोडी जमीन वर उंचवट्यावर होती, थोडी खाली बांधालगत. कायतानची होती ती सगळी खालीच. वर फक्त घर, आणि दारात एक माड. तरीही दोघांचं चाललं होतं. मूल झालं, मुलीला दात येत होते.

मग एका वर्षी भाद्रपदातल्या उधाणाला बांधाला खांड गेली. खांड म्हणजे भगदाड. माणूस झोपेत असतो आणि खाडी शेतात येऊन उभी राहते. शिवारभर भात निसवायला आला होता, लोंब्या बाहेर पडायच्या होत्या. खारं पाणी त्यात इतकं राहिलं की सगळा भात उभ्या उभ्या कुजला. पुरुषांनी माती-दगड टाकून, खांबांना चटया बांधून खांड बुजवली, पण जमिनीत मीठ बसलं ते बसलं.

त्या सगळ्या नासाडीत एक तुकडा उभा राहिला, असे सांगतात. तो कायतानचा. त्याच्या आईला जुन्या बियाण्याचा नाद होता. साऱ्या आळीनं तांबडा राता भात सोडून पांढरा बारीक भात धरला, तरी म्हातारी कोपऱ्यात राता पेरत राहिली. लोक हसायचे. खायला जाड, दिसायला तांबडा, पाहुण्यापुढे वाढायची लाज. म्हातारी मेली, पण कायताननं आईची आठवण म्हणून तो कोपरा तसाच ठेवला होता. खारं पाणी आलं तेव्हा पांढरा भात आडवा झाला आणि राता उभा राहिला. फार नाही, एका मुड्यापुरता पिकला. मुडा म्हणजे भाताच्या पेंढ्यात गच्च बांधलेलं बियाणं, मोठ्या भोपळ्यासारखं दिसतं. तो मुडा कायताननं घरात आढ्याला टांगला.

आता इथं चूक झाली, ती नीट ऐका. 'पुरुष बांधावर बोलले' एवढ्यात ती सगळी आली.

खांड बुजवताना पुरुषांना कळलं होतं की पुढच्या पावसाळ्यात खालच्या खाऱ्या जमिनीत पांढरा भात उगवणार नाही. राता तेवढा उगवेल. वरच्या जमिनीवर अर्ध्या आळीचंही पोट भरत नव्हतं. खाडीकाठच्या बाकीच्या गावांतही तीच गत होती, बी आणणार कुठून. तेव्हा ते कायतानला म्हणाले, तुझा राता पिकला की त्याचं बी आम्हाला दे. पेरणी सगळे मिळून करू, रोपं वाटून घेऊ. कायतान जन्मात कधी कुणाला काही देण्याजोगा नव्हता. त्या दिवशी सगळी आळी त्याच्यापुढे उभी होती. तो म्हणाला, दिलं. छाती भरून म्हणाला असणार.

आणि घरी येऊन बायकोला त्यातला एक शब्द सांगितला नाही. का, ते विचारू नका. तुमच्यातले जे लग्न झालेले आहेत त्यांना ठाऊक आहे.

पाऊस सरला. घरात खायला नव्हतं म्हणून कायतान होडीनं खाडीपलीकडच्या मिठागरावर कामाला गेला. जाताना एवढंच म्हणाला, "काय वाटेल ते कर, मुड्याला हात लावू नको. नाताळला भरतीबरोबर येतो."

ती म्हणाली, "मी कशाला हात लावू."

तिला वाटलं, हे आपलं बी आहे. आपल्या एका घराचं. सगळ्यांचं आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

ती कसे दिवस काढत होती ते कुणाला दिसलं नाही, कारण तिनं दिसू दिलं नाही. नारळ विकून कण्या आणायची. पेज इतकी पातळ करायची की तीत माड दिसावा. अंगावरचं दूध आटायला लागलं आणि पोर रात्रंदिवस कुरकुर करायला लागली. कुणी विचारलं की म्हणायची, दात येतायत. शेजारणी घरात डोकावत, पण ती दारातच बोलत उभी राही. चूल दिसू नये म्हणून.

आणि नाताळ जवळ आला. बाकीच्यांना आनंद, हिला धास्ती. ताटं येणार होती. दर वर्षी येत तशी प्रत्येक घरून येणार, आणि प्रत्येक ताट संध्याकाळच्या घंटेआधी भरून जायला हवं. तिनं मनाशी बरेच मार्ग काढून बघितले, असे सांगतात. दार लावून माहेरी जावं, तर नवरा येणार. आजारी म्हणून पडावं, तर जास्तच ताटं येतील. आधीच जाऊन सांगावं की यंदा आमच्याकडे पाठवू नका, तर तिथल्या तिथे नाव पडलं.

आदला दिवस उजाडला. सकाळीच मार्सेलीन आली. ही लागून असलेल्या घरातली, तोंडानं फटकळ, मनानं वाईट नव्हे.

"घे, सांदणं आहेत," ती म्हणाली. "नारळाचं दूध सढळ घातलंय. मागच्या वर्षी तुझ्या सांदणांवर माझी सासू वर्षभर बोलत होती. यंदा बोलू दे माझ्यावर."

इजाबेल हसली. "बोलेल की."

"तुझं काय आहे यंदा? वास नाही येत अजून."

"चढवतेय."

"चढव, चढव. दुपार व्हायला वेळ लागत नाही. आणि पोरीला का रडवतेस सणाचं?"

"दात गं."

मार्सेलीन गेली. मग दुसरी आली, तिसरी आली. आलेलं तिनं परातीत काढलं, ओट्यावर ताटांची चळत लागली. इजाबेलनं एक सांदण कुस्करून पोरीला भरवलं, तर पोर गप्प झाली आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिली. तेव्हा तिला रडू फुटलं असेल. पण चळत समोर होती. ती ताटांकडे बघी आणि आढ्याकडे बघी. ताटांतलंच या घरचं त्या घरी फिरवावं म्हटलं, तर प्रत्येकीच्या हाताची चव आळीला पाठ. लगेच ओळखलं असतं.

सूर्य माडावर आला तसा तिनं मुडा खाली काढला.

कोयता लावताना तिचा हात अडला की नाही, ते कुणी सांगत नाही. पेंढा कापला, भात सुपात ओतला, उखळात घातला आणि मुसळ उचललं.

उखळाचा आवाज साऱ्या आळीत गेला. आणि आळीला काय वाटलं, ते ऐका. बरं वाटलं. बायका एकमेकींना म्हणाल्या, ऐकलंस ना, इजाबेलच्या घरी कांडण चाललंय, म्हणजे भात आहे हो. आपण उगीच काळजी करत होतो. ज्यांच्या मनात तिच्याबद्दल थोडी कुणकुण होती, ती त्या आवाजानं गेली. मुसळाच्या एकेका घावाला आळीचं पुढचं वर्ष फुटत होतं आणि आळी ते ऐकून निश्चिंत होत होती.

तिनं पीठ केलं, उरलासुरला गूळ किसला, माडाचे शेवटचे दोन नारळ फोडले आणि केळीच्या पानात पानग्या थापल्या. पानात गुंडाळलेली पानगी वरून सगळी सारखीच दिसते. तांबडं पीठ कुणाला दिसलं नाही. एक ताट भरलं, नेऊन दिलं. परत येऊन पुन्हा कांडलं. दुसरं ताट भरलं. आलं त्यापेक्षा थोडं जास्त. मुड्याचं पोट आत जायला लागलं तशी ती घाईनं करू लागली. जणू लवकर संपवलं तर कमी संपेल.

आळीत कात्रीनबाय म्हणून एक म्हातारी होती. मुलगा, सून, नातवंडं, सगळं भरलेलं घर. डोळ्यांनी कमी दिसायचं, पण तोंडात दात शाबूत होते आणि जीभ तर होतीच. तिच्या घरचं ताट इजाबेलकडे उशिरा गेलं होतं, ते अजून परत यायचं होतं. दुपारी ती मार्सेलीनच्या ओट्यावर बसली होती. मार्सेलीननं तिच्या हातात इजाबेलकडून आलेली पानगी ठेवली. म्हातारीनं पान सोडलं, घास घेतला आणि चावता चावता थांबली.

"हा राता आहे," ती म्हणाली.

"असेल," मार्सेलीन म्हणाली. "जाड लागतोय खरा. तरी म्हटलं गुळाला एवढा रंग कसा."

"आळीत राता कुणाकडे आहे?"

"कायतानकडेच. दुसरं कोण खातंय तो."

"त्याच्याकडे किती आहे?"

मार्सेलीनला ठाऊक नव्हतं. म्हातारीला होतं. तिच्या मुलानं बांधावरची गोष्ट घरी येऊन सांगितली होती. सगळेच नवरे कायतानसारखे नसतात, आणि तो तर नवरा नव्हता, मुलगा होता. तिनं हातातला घास पानात परत ठेवला. "कुणाला खाऊ देऊ नको," असं म्हणाली आणि मग स्वतःच म्हणाली, "खाऊ दे. शिजलेलं बी काय उगवणार आहे." काठी घेऊन ती निघाली. कधी नव्हे ती इतकी भराभर चालली की कुत्री भुंकली.

इजाबेल उखळापाशी होती. मुड्यात तळाला थोडं उरलं होतं, एका सुपात मावेल एवढं. तिनं त्यात हात घातलेला होता.

"हात काढ," कात्रीनबाय दारातून म्हणाली.

"मावशी, बसा. तुमचंच ताट भरतेय. उशीर झाला थोडा."

"हात काढ म्हटलं ना, बाय."

इजाबेलनं हात काढला. मुठीत भात होता तो मुठीतच राहिला.

"घरात दुसरं धान्य आहे?"

"आहे की."

"दाखव."

म्हातारी आत शिरली, चुलीवरचं झाकण उघडून बघितलं, मडक्यात हात घालून बघितला. मग पोरीचा दंड चाचपून बघितला. खाली बसली.

"आम्हाला सांगायचं होतंस."

"काय सांगणार? ताटं पाठवू नका म्हणून?"

"भूक लागली म्हणून."

"तुमच्याकडेही खालचं सगळं गेलंय, मावशी. मला कोण देणार, आणि मी परत काय करणार." इजाबेल उठली. "घंटा होईल. तुमचं ताट भरून देते आणि मग चार राहतात."

"माझं ताट रिकामं दे."

इजाबेल न ऐकल्यासारखं करून उखळाकडे गेली. कात्रीनबायनं चळतीतलं आपलं ताट ओढलं. इजाबेलनं दुसऱ्या काठाला धरलं. अशा त्या दोघी ताट धरून उभ्या राहिल्या, असे सांगतात. एक सत्तरीची, एक विशीची, आणि मध्ये पोर रडतेय.

"मला नावं ठेवतील," इजाबेल म्हणाली.

"नेणार मी. मला ठेवतील."

"त्यापेक्षा मला खाडीत ढकला."

"ढकलायला नको. तू हे उरलेलं कांडलंस की आपण सगळ्याच जाणार आहोत." आणि मग म्हातारीनं सांगितलं. बांधावर काय बोलणं झालं, कायताननं शब्द कसा दिला, खालच्या जमिनीत दुसरं काही उगवणार नाही, आणि साऱ्या आळीचा जीव त्या आढ्याच्या मुड्यात टांगलेला होता. "तुला त्यानं सांगितलं नाही?"

इजाबेलच्या हातातून ताटाचा काठ सुटला. तिची मूठ उघडली आणि भात मुड्यात पडला. बाहेर आळीत हसण्याबोलण्याचा आवाज येत होता, पोरं केळीची पानं चाटत होती. सगळी आळी आपलंच बी गोड म्हणून खात होती, आणि ते हिच्या हातचं होतं.

मग तिनं ते ताट घेतलं, धुतलं, पदरानं पुसलं आणि दोन्ही हातांनी पुढे केलं. रिकामं. उखळापेक्षा जड लागलं असेल तिला ते. काहीतरी म्हणायला हवं होतं. इतकी वर्षं जे म्हणायचं ते ताटातूनच जायचं, त्यामुळे तोंडाला सवय नव्हती. शेवटी ती म्हणाली, "तुमचं पोचलं, मावशी."

कात्रीनबाय म्हणाली, "बरं."

आणि ती ताट पदराखाली न घेता, काखेत न लपवता, हातात धरून भर आळीतून चालत गेली. मार्सेलीन ओट्यावर होती.

"मावशी, रिकामंच?"

"रिकामंच. तुझं भरून आलं ना? लाज वाटू दे. ज्यांची राहिलीत त्यांना घेऊन ये, आणि जाताना तोंड वाकडं केलंस तर हीच काठी आहे."

राहिलेल्या बायका गेल्या. जायलाही जड गेलं, असे सांगतात. भरलेलं ताट घ्यायला कुणीही जातं. रिकामं ताट घ्यायला जायचं म्हणजे दुसऱ्याची चूल बघायची आणि मान खाली घालून परत यायचं. अंगणात त्या रांगेनं उभ्या राहिल्या. इजाबेल एकेकीला ताट देत गेली आणि तेच एक बोलत गेली, पोचलं, पोचलं. मार्सेलीन म्हणे रडली. तिला त्या सकाळचं 'पोरीला का रडवतेस' आठवलं.

तेवढ्यात भरती आली आणि होडी लागली.

कायताननं बांधावरूनच बघितलं की आपल्या दारातून बायका खाली मानेनं बाहेर पडतायत, हातात रिकामी ताटं. त्याला वाटलं पोर गेली. तो धावत आला. पोर उखळाशेजारी बसून सांदण खात होती. त्याला हायसं वाटलं ते तेवढंच, कारण मग त्याची नजर वर गेली. आढं मोकळं होतं. मुडा खाली पडला होता, फोडलेल्या भोपळ्यासारखा. त्यानं तो एका हातानं उचलला. एका हातानं उचलण्यासारखा तो राहिला होता.

"मी शब्द दिला होता," तो म्हणाला.

इजाबेल म्हणाली, "दिलात खरा. बांधाला दिलात."

त्यानं तिला मारलं नाही. काही लोक सांगतात की हात उचलला होता. मी ते सांगत नाही, कारण माझ्या आजीनं सांगितलं नव्हतं. तो मुडा घेऊन देवळाकडे गेला. घंटा व्हायची होती, आवारात सगळे पुरुष नव्या कपड्यांत जमले होते. त्यानं मुडा मध्ये ठेवला. कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. एकेकानं हात घालून बघितलं. कुणीतरी शिवी दिली, कुणी म्हणालं आता पोरंबाळं घेऊन कुठे जायचं. एकानं विचारलं, "बाकीचं काय झालं?"

कात्रीनबाय पायरीवर बसली होती. "बाकीचं तुझ्या दातांत आहे," ती म्हणाली. "बोट घालून बघ."

एकदोघांनी खरंच जीभ दातांवरून फिरवली.

म्हातारी पुढे जे बोलली त्यावर ही आळी उभी आहे. ती म्हणाली, जे उरलंय ते थोडं आहे, पण मेलेलं नाही. भीती उंदरांची नाही, पावसाची नाही. भीती ही आहे की पाऊस पडेपर्यंत त्या घरात हा एकच दाणा आहे, आणि घरात भुकेलं पोर आहे. कुठलीही आई शेवटी तो शिजवेल. मी असते तर मीही शिजवला असता, म्हणून मुडा दुसऱ्या घरी ठेवूनही उपयोग नाही. तेव्हा पाऊस पडेपर्यंत त्या घरी रोज एका घरचं ताट जाईल. आपल्याला अर्धपोटी राहावं लागलं तरी जाईल. आणि ते रिकामं परत येईल. भरून यायला लागलं, तर समजा की बी संपलं.

घंटा झाली. सगळे आत गेले. त्या वर्षी गाणी नेहमीसारखी चढली नाहीत, असे सांगतात.

देणारे पुष्कळ बघितलेत मी. देणं सोपं आहे, देणारा उंच असतो. त्या बाईचं काम बघा. रोज दारात ताट यायचं, रोज ती ते धुऊन रिकामं द्यायची आणि म्हणायची, पोचलं. आज या घरचं, उद्या त्या घरचं. कुणाकडे स्वतःलाच कमी आहे, ते तिला ताटात दिसायचं. पेज दिवसेंदिवस पातळ होत गेलेली दिसायची. तरी घ्यायचं. एकदा तिला राहवलं नाही आणि तिनं रिकाम्या ताटात जास्वंदीचं फूल ठेवलं. कात्रीनबायनं ते फूल परत पाठवलं. निरोप असा, की आज फूल, उद्या मूठभर भात, हे मला ठाऊक आहे.

आणि मुडा आढ्यावर. कुणी ना कुणी काहीतरी निमित्त काढून यायचं आणि बोलता बोलता वर बघायचं. इजाबेलला ते कळायचं. ती मुडा खाली काढून त्यांच्या हातात द्यायची, वजन बघा म्हणायची. चैत्र गेला, वैशाखात खालची जमीन पांढरी पडली, मिठाचा थर पायाला चरचरायचा. लोक तिथं जाऊन उभे राहायचे आणि न बोलता परत यायचे. एवढ्या मुठीनं एवढं शिवार कसं झाकणार.

पाऊस आला. बी पेरलं ते एका वाफ्यात, कुंपण घालून. पक्ष्यांवर पाळत ठेवायला सगळ्या घरची माणसं आळीपाळीनं बसली. आता काही जण सांगतात की ज्या दिवशी रोप वर आलं त्या दिवशी मोजक्या दाण्यांतून सारा वाफा तांबूस हिरवा भरला, एक दाणा वाया गेला नाही, आणि हा बाळ येशूचा चमत्कार. मी तिथे नव्हतो. मला एवढं ठाऊक आहे की लावणीला नेहमी पाच-सहा रोपांची चूड लावतात, आणि त्या वर्षी आळीनं एकेक रोप लावलं, हातभर अंतरावर, जशी काही माणसं पुरतायत. शेत विरळ दिसायचं, बाहेरचे हसायचे. तरी म्हणे एकही रोप मेलं नाही. याला तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा.

जे पिकलं ते त्या वर्षी कुणी खाल्लं नाही. घरोघर एकेक छोटा मुडा झाला. पुढच्या वर्षी खालचं सगळं शिवार तांबडं डोललं. त्या नाताळला इजाबेलच्या घरातून पहिलं ताट निघालं ते मार्सेलीनकडे गेलं. मार्सेलीननं ते रिकामं केलं, आणि सवयीनं भरायला सांदणं घेतली. मग थांबली, ताट धुतलं आणि रिकामं घेऊन गेली. इजाबेलच्या दारात उभी राहून तिला ते एक वाक्य बोलायला बराच वेळ लागला. फटकळ बाई, पण लागला.

कायताननं डोंगराखालच्या पाथरवटाकडून हे दगडी ताट घडवून आणलं, असे सांगतात. होडीतून आणलं, पाठीवरून बांधावर चढवलं. बोलायचं राहून गेलेलं असं कुठेतरी वाहून नेतात पुरुष.

आता खाली शेतं नाहीत. मिठानं जे केलं नाही ते बिल्डरनं केलं. राता भात आता कुठे मिळतो ते मला ठाऊक नाही. पांढराही पिशवीतून येतो. पण आजही नाताळच्या आदल्या दिवशी ताटं निघतात. ज्या घरी वर्षात मयत झालं, ज्याची नोकरी गेली, जो भाडेकरू कालच आला आणि ज्याचा धर्मही कुणाला ठाऊक नाही, त्या घरी आधी जातात. पाठवताना विचारायचं नाही, घेताना नाही म्हणायचं नाही. आजही बाहेरून आलेली एखादी सून गुपचूप ताटात साखर घालते आणि सासू ती डब्यात परत ओतते.

उन्हं उतरायला लागलीत. थोड्या वेळात त्या वरच्या घरातली बाई ताट घेऊन येईल, तुमच्यासाठी. तुम्ही आमचे कोणी नाही, तरी येईल. पाकीट काढू नका. पिशवीतला बिस्किटाचा पुडा त्यात ठेवू नका. पोटभर खा, त्या नळावर ताट धुवा आणि रिकामं हातात द्या. सांगायचं एवढंच, की पोचलं. पहिल्यांदा घशातून निघत नाही. थांबा थोडं. ती बाई उभी राहील.